समुद्रकाठचा स्वतंत्र वार्ताहर

समुद्र, वन्यजीव आणि विज्ञान या विषयांवर, कोणत्याही वृत्तपत्राची नोकरी न पत्करता, स्वतंत्रपणे लिहिण्याचा संकल्प करणारे तरुण-तरुणी जेव्हा मसलतीसाठी येतात, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात लक्षद्वीपची प्रवाळबेटे, ताडोब्याचे वाघ किंवा अंटार्क्टिकाची एखादी मोहीम असते आणि तेथवर पोहोचण्याइतके द्रव्य आपणाजवळ नाही ही खंतही असते. गिरगावातल्या चाळीत, दादरच्या एखाद्या गल्लीत किंवा लालबाग-परळच्या जुन्या गिरणगावात राहणाऱ्या माणसाने ही खंत करीत बसावे याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण कुलाब्याच्या ससून गोदीपासून शिवडीच्या चिखलापर्यंत जी जेमतेम दहा-बारा किलोमीटरची पट्टी आहे, तीत सागरी जीवसृष्टी, मासेमारीचा व्यवसाय, स्थलांतर करणारे पक्षी, रोगजंतूंचे संशोधन आणि या सर्वांविषयी निर्णय घेणाऱ्या सरकारी कचेऱ्या इतक्या दाटीने एकत्र आल्या आहेत, की एका आयुष्यात त्यांचे वर्णन पुरे होणार नाही. स्वतंत्र पत्रकाराने आपले भांडवल आरंभी अशा एका जागेवर लावावे, तेथे निरनिराळ्या ऋतूंत वर्षानुवर्षे जात राहावे आणि जे दिसेल त्याची तारीखवार नोंद ठेवावी, हे माझे मुख्य सांगणे आहे. पगारदार वार्ताहराला आज महापालिका, उद्या न्यायालय आणि परवा निवडणूक अशी धावपळ करावी लागते. स्वतंत्र लेखकापाशी मोटार, टेबल, ग्रंथालय, वकील यांपैकी काहीही नसते, परंतु एकाच ठिकाणी पुन्हा जाण्याची मोकळीक असते, आणि निसर्गाविषयीच्या लेखनात तिचे मोल फार मोठे आहे.

या सांगण्याला सर्वांत भक्कम आधार आपल्याच परिसरातील आहे. १८९६ साली जन्मलेले आणि गिरगावच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढलेले सलीम अली, बर्लिनला एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन १९३० साली मुंबईस परतले, तेव्हा वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशांच्या अभावी रद्द झालेली होती. ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि घरानजीकच घरटी विणणाऱ्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण करू लागले. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पारखून घेते, पसंत पडले तर त्यात राहते, आणि मग नर ते पुरे करून दुसऱ्या घरट्याच्या उद्योगास लागतो, हा जो उलगडा त्यांनी केला तो महागड्या उपकरणांनी झालेला नव्हता. एका जागी धीराने बसून, रोजच्या रोज टिपणे करून झालेला होता. ही हकीकत नवोदिताने मनाशी बाळगावी, आणि तेवढ्यावर न थांबता शहीद भगतसिंग मार्गावरील हॉर्नबिल हाउसमध्ये, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वास्तूत जाऊन, १८८६ पासून निघत असलेल्या तिच्या नियतकालिकाचे जुने अंक चाळावेत. मुंबईच्या आसपास पूर्वी काय दिसत होते आणि आज काय दिसत नाही, हे कळण्याला इतके समृद्ध दप्तर या शहरात दुसरे क्वचितच सापडेल.

दीर्घकाळ राखलेल्या नोंदीतून विज्ञान कसे उभे राहते याचे आणखी एक उदाहरण अपोलो बंदरावर आहे. तेथील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, आणि हिंदी महासागराची पातळी किती चढली याचा विचार करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना मुंबईच्या या आकड्यांकडे यावेच लागते. ज्या कारकुनांनी आणि निरीक्षकांनी पाण्याची उंची दिवसेंदिवस लिहून ठेवली, त्यांच्या हयातीत हवामानबदलाची चर्चा नव्हती. तरीही त्यांचे काम आज साक्षीस उभे आहे. आपल्याकडे मराठी पत्रकारिता आणि वेधशाळा यांचे नाते तर आरंभापासूनचे आहे: १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिकातून भूगोल, पदार्थविज्ञान यांसारखे विषय मराठीत आणणारे बाळशास्त्री जांभेकर हेच पुढे कुलाबा वेधशाळेचे प्रमुख होते. मराठीत विज्ञानाला वाचक नाही असे म्हणणाऱ्या संपादकापुढे हा दाखला ठेवण्यास संकोच करू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समुद्रावर लिहिणाऱ्याने प्रथम भरती-ओहोटीचे गणित आत्मसात केले पाहिजे, कारण खडकांवरील जीवसृष्टी केवळ ओहोटीतच उघडी पडते आणि चुकीच्या वेळी गेलेला मनुष्य लाटा पाहून परत येतो. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ठोकताळा असा, की त्या दिवशीच्या तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांहून किंचित अधिक काळाने, नऊ वाजून गेल्यावर, ओहोटी. दशमी असेल तर साडेसातला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, म्हणून त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे पाणी ओसरलेले असते, आणि ते उधाणाचे दिवस असल्यामुळे इतर वेळी बुडालेले खडकही उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी फारसे चढतही नाही आणि फारसे उतरतही नाही, म्हणून तो दिवस खडक पाहण्यास न निवडता कागदपत्रे वाचण्यास द्यावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून महिनाभराची आखणी करावी, आणि निघण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या कोष्टकाशी वेळ ताडून पाहावी, कारण ठोकताळा म्हणजे अखेर ठोकताळाच. आषाढ-श्रावणात मात्र कोष्टक काहीही सांगो, वारा सुटला असता खडकांवर उतरू नये. आणि कोणत्याही दिवशी एकट्याने जाऊ नये.

हाजीअलीच्या किंवा गिरगाव चौपाटीच्या टोकाकडील खडकांवर एकदा गुडघे टेकून बसावे, म्हणजे काळ्या दगडाच्या एका वीतभर खळग्यात किती व्यवहार चालू आहे ते कळेल. मिटून घेतलेले समुद्रपुष्प ओल्या मांसाच्या गोळ्यासारखे भासते, पाणी शिरताच ते आपले शुंडक पसरते. रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा सावली पडताच आत दडतो. दगडाच्या खालच्या अंगाला स्पंजाचा नारिंगी थर असतो आणि त्या थरावर चरणारी, कवच गमावलेली एखादी सागरी गोगलगाय नखाएवढी असते. दगड उलटला तर पूर्ववत ठेवावा, काहीही घरी आणू नये. टाचणाच्या वहीत तारीख, तिथी, वेळ, जागा आणि दिसलेली वस्तू यांची नोंद त्याच जागी उभे राहून करावी. घरी जाऊन आठवणीने लिहिलेली नोंद साक्षीच्या कामी येत नाही. छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी. ओळख पटत नसेल तर तसे लिहावे, अंदाजाने नाव देऊ नये. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमातून याच किनाऱ्यांवर पदयात्रा होत आल्या आहेत आणि आयनॅचरलिस्टसारख्या सार्वजनिक नोंदस्थळावर सामान्य लोकांनी टिपलेल्या प्रजाती जाणकारांकडून तपासून घेता येतात. नवोदिताने प्रथम अशा मंडळींबरोबर हिंडावे. ते काम करणाऱ्यांना प्रसिद्धीपेक्षा मदतीचा हात अधिक हवा असतो, आणि जो हात देतो त्याला ते सर्व काही दाखवितात.

किनाऱ्यावरच्या जीवांइतकीच किनाऱ्यावरच्या माणसांची ओळख आवश्यक आहे. ससून गोदी १८७५ साली खुली झाली. ती आणि भाऊचा धक्का ही दोन ठिकाणे समुद्रविज्ञानाची जिवंत प्रदर्शने आहेत, परंतु तेथे पहाटे, लिलावाच्या ऐन घाईत, ओळखपाळखीविना छायाचित्रे काढीत फिरणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही, आणि ते योग्यच आहे. आरंभी कॅमेरा पिशवीत राहू द्यावा. नाखवा कोण, तांडेल कोण, खलाशी कोण हे जाणून घेऊन, वयाने वडील असलेल्या कोळिणीला मावशी म्हणून, तिचे गिऱ्हाईक अडणार नाही अशा वेळी बोलावे. डोल जाळ्यात काय येते, ट्रॉलर काय उपसून आणतो, पर्ससीनविषयी छोट्या होडीवाल्यांची तक्रार काय आहे, हे ज्याला समजत नाही त्याने मत्स्यदुष्काळावर लेख लिहू नये. येथे मोजमापाचेही काम आहे. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबीची मर्यादा ठरविली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. ही लांबी माशाच्या अंगावर कोठून कोठवर मोजावयाची ते नियमाच्या मूळ मजकुरात पाहून, दादरच्या किंवा गिरगावच्या बाजारात, विक्रेतीच्या संमतीने, महिन्याच्या एका ठरावीक दिवशी काही मासे मोजून लिहून ठेवले, तर वर्षाअखेरीस जो तक्ता तयार होईल तो नियम कागदावर राहिला की बाजारात उतरला याविषयी एखाद्या परिषदेतील भाषणापेक्षा अधिक सांगेल. मात्र त्या तक्त्याच्या आधारे विक्रेतीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये; लहान मासा तिच्या टोपलीत येण्यापूर्वी ज्या जाळ्यांतून आणि ज्या व्यवहारांतून गेला, त्यांचा माग काढणे हे पत्रकाराचे काम आहे.

वार्ता ओसरल्यानंतर मागे राहणाऱ्याला काय सापडते, हे वरळीच्या उदाहरणावरून उमगते. किनारी रस्त्याला मिळालेली किनारा नियमन क्षेत्राची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली, काम पुन्हा सुरू झाले, आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग वाहतुकीस खुला झाला. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरून पाहणाऱ्याला एवढेच दिसले. परंतु वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर काढणाऱ्यांचा प्रश्न फार नेमका होता: या रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये साठ मीटर अंतर ठेवण्याची योजना होती, आणि वारा व प्रवाह एकाच वेळी बाजूने ढकलू लागले, समोरून दुसरी होडी आली, तर त्या अंतरात होडी सुखरूप राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आराखडा करणाऱ्यांच्या कागदावर साठ मीटर भरपूर दिसतात. तांडेलाच्या अनुभवात ते अपुरे ठरतात. प्रदीर्घ विरोधानंतर एक खांब वगळून ते अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. हा विषय समजून घेण्यास अभियंत्याचा अहवाल हवा, भरतीचे ज्ञान हवे, न्यायालयातील कागद हवेत आणि कोळीवाड्यातील माणसाचा विश्वास हवा. यांपैकी एकही गोष्ट एका दिवसात मिळत नाही. त्याच कामासाठी २०२० साली वरळी आणि हाजीअली येथील प्रवाळ उचलून अन्यत्र बसविण्यात आले. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्यामुळे त्यासाठी वनखात्याची परवानगी लागली, आणि त्या वेळी त्याची बातमीही पुष्कळ झाली. स्थलांतर यशस्वी झाले असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा स्वतंत्र पत्रकाराने विचारावयाचे प्रश्न असे: मोजणी कोणी केली, स्थलांतरानंतर किती महिन्यांनी केली, जगणे म्हणजे केवळ तग धरणे की वाढ होणे, आणि न हलविलेल्या प्रवाळांशी तुलना करण्यात आली काय?

अशा प्रश्नांची उत्तरे कचेऱ्यांत असतात. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हे गरीब पत्रकाराचे सर्वांत स्वस्त साधन आहे. महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा असावा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांत मावावा; त्यावर दहा रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक तिकीट चिकटवावे; उत्तराची मुदत तीस दिवसांची असते, आणि उत्तर न आल्यास किंवा असमाधानकारक आल्यास वीस रुपयांच्या तिकिटासह पहिले अपील करता येते. अर्जात ‘का’ असा प्रश्न विचारू नये, कारण खाते कारणे सांगण्यास बांधलेले नसते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे अहवाल, पत्रव्यवहार, स्थळपाहणीची टिपणे यांच्या नकला मागाव्यात, अथवा दप्तर प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करावी. दप्तर पाहण्याने पुष्कळदा अधिक हाती लागते, कारण ज्या टिपणाचे अस्तित्वच आपणास ठाऊक नसते ते फाइलीतच भेटते. अर्ज करण्यापूर्वी मात्र जे उघड प्रसिद्ध आहे ते वाचून घ्यावे: केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर प्रकल्पांचे परिणाम-अहवाल असतात, आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सभांची इतिवृत्ते वाचण्याची सवय लावली तर पुढल्या दोन वर्षांत कोठे भराव पडणार आहे हे बातमी होण्यापूर्वीच कळू लागते. अधिकाऱ्यांशी बोलताना शत्रुत्वाची भावना ठेवू नये. वनखात्याच्या कांदळवन कक्षात किंवा मत्स्यव्यवसाय विभागात तळमळीने काम करणारी माणसे आहेत. २०१८ च्या अखेरीस सुरू झालेली, जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन अथवा व्हेल शार्क सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना अशाच माणसांमुळे उभी राहिली. अशी चांगली योजनाही तपासण्याचा विषय असतो: भरपाई किती काळाने हाती पडली, हे खात्यालाही विचारावे आणि नाखव्यालाही.

परळ-लालबागच्या वाचकाला विज्ञानवृत्ताचा धडा घेण्यास आपल्या वस्तीबाहेर जाण्याचे कारण नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी आपण बनविलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, जी आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने प्लेग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो असे प्रतिपादन केले. ते खरे होते, तरीही अनेक वर्षे ते मान्य झाले नाही. १९०५ पासून परळच्या याच प्रयोगशाळेत प्लेगच्या तपासासाठी नेमलेल्या आयोगाने पद्धतशीर प्रयोग केले, पिसू पोहोचू शकेल असा एक प्राणी आणि तिच्या उडीच्या टप्प्याबाहेर ठेवलेला दुसरा यांची तुलना केली, आणि तेव्हा कोठे हा वाद मिटला. नव्या शोधनिबंधावर वृत्त लिहावयास बसलेल्याने हा क्रम डोळ्यांपुढे ठेवावा. निबंध एकट्याने काय सांगतो, पूर्वीच्या कामाशी तो कोठे जुळतो, किती नमुन्यांवर आधारलेला आहे, समीक्षकांनी तपासून छापला आहे की अद्याप तपासणीपूर्व मसुदा आहे, पैसा कोणी पुरविला, या गोष्टी पाहून मगच लेखणी उचलावी. निबंधाचा केवळ सारांश न वाचता पद्धतीचा भाग वाचावा. आणि लेखकाखेरीज त्याच विषयातील, त्या कामाशी संबंध नसलेल्या, दुसऱ्या एका तज्ज्ञाचे मत घ्यावे. शास्त्रज्ञांशी परिचय करून घेण्याची उत्तम जागा म्हणजे त्यांची सार्वजनिक व्याख्याने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘चाय अँड व्हाय’ या सभा माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात होत आल्या आहेत, आणि १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे चुनाभट्टीचे विज्ञान भवन दादरहून काही मिनिटांच्या अंतरावर आहे. जयंत नारळीकरांसारख्या जगन्मान्य शास्त्रज्ञानेही आपली पहिली विज्ञानकथा याच परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविली होती. मराठी संज्ञा अडली असता प्रथम विश्वकोश पाहावा, मग शासनाचे परिभाषाकोश, आणि तरीही अडले तर मच्छीमार काय म्हणतो ते विचारावे; शास्त्रीय नाव, इंग्रजी नाव आणि कोळीवाड्यातील नाव ही तिन्ही वहीत शेजारी-शेजारी असली पाहिजेत.

वन्यजीवांच्या बाबतीत संयमाची आणखी एक बाजू आहे. शिवडीच्या चिखलावर हिवाळ्याच्या तोंडाशी येणारे आणि उन्हाळा सरेपर्यंत राहणारे रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे त्यांची जागा लपविण्याचे कारण नाही. परंतु घुबडाचे घरटे, कासवाची अंडी किंवा दुर्मीळ सापाचे बीळ यांची नेमकी जागा छापणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे आहे, आणि छायाचित्रात दडलेली स्थाननोंदसुद्धा काढून टाकावयास हवी. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून सुमारे चाळीस फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले, तेव्हा काही तासांतच पाणथळींवरील दिवे, भराव, विमानमार्ग अशी निरनिराळी कारणे ठामपणे सांगण्यात आली. यांपैकी काही कारणे विचारार्ह होती. परंतु शवचिकित्सेचा निष्कर्ष, थव्याचा मार्ग आणि भरतीची वेळ एकत्र ठेवल्यावाचून ठाम विधान करणे घाईचे होते. स्वतंत्र पत्रकाराने अशा दिवशी जे निश्चित आहे तेवढेच लिहून द्यावे आणि उरलेल्या प्रश्नांसाठी सहा महिन्यांनी परत यावे. ठाण्याच्या खाडीतील अभयारण्य २०१५ साली घोषित झाले, २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावाशेव्यास जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला; या घटनांचा शिवडीच्या चिखलावर काय परिणाम झाला हे सांगू शकेल असा मनुष्य तोच, ज्याच्या वहीत पुलापूर्वीचे आणि पुलानंतरचे हिवाळे आहेत. असा मनुष्य होण्यास आजही उशीर झालेला नाही.

उदरनिर्वाहाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. मराठीत केवळ निसर्गलेखनाच्या मेहनतान्यावर घरखर्च चालविणे अतिशय कठीण आहे, आणि हे ठाऊक नसलेल्या तरुणाला या मार्गावर ओढणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून पहिली काही वर्षे अर्धवेळ अध्यापन, भाषांतर, माहितीपटांसाठी संशोधन असे जोडकाम असू द्यावे, आणि एकाच अभ्यासातून मराठी लेख, इंग्रजी वृत्तांत, आकाशवाणीचे भाषण, शाळेतील व्याख्यान अशी निरनिराळी फळे घ्यावीत. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पर्यावरण-पत्रकारितेसाठी असलेल्या शिष्यवृत्त्या मिळू शकतात; त्यांच्या अर्जात ज्याचे काम एका जागेशी दीर्घकाळ निगडित आहे त्याचे पारडे जड राहते. ज्या बंदराच्या, बांधकामाच्या किंवा मत्स्यनिर्यातीच्या कंपनीविषयी लिहावयाचे, तिच्याकडून प्रवासखर्चही घेऊ नये. लेख स्वीकृत होताच मेहनताना, शब्दसंख्या, देण्याची मुदत आणि न छापल्यास काय मिळेल हे पत्राने ठरवून घ्यावे. तोंडी आश्वासनावर तगादा लावता येत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे, लेखी करारात मुदतीचा उल्लेख नसेल तर हक्कांचे हस्तांतर पाच वर्षांपुरते, आणि प्रदेशाचा उल्लेख नसेल तर भारतापुरतेच धरले जाते. म्हणून करारनाम्यात ‘सर्व हक्क कायमचे, सर्वत्र’ असे वाक्य आढळले तर सही करण्यापूर्वी ते खोडून मागावे. मेहनतान्यातून सामान्यतः दहा टक्के कर कापला जातो. त्याचा दाखला मागून घ्यावा व विवरणपत्र भरावे, कारण अल्प उत्पन्नाच्या लेखकाला ती रक्कम बहुधा परत मिळते. प्रत्येक फेरीच्या खर्चाचा हिशेब त्याच वहीच्या मागच्या पानांवर ठेवावा.

संपादकाकडे प्रस्ताव पाठविताना विषयाचे नाव सांगून भागत नाही. ‘मुंबईचे सागरी जीवन’ हा विषय झाला; सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर गणेशविसर्जनास उतरलेल्या अनेक भाविकांना पाकट माशांचे काटे लागले, त्यानंतर विसर्जनापूर्वी पाण्याची पाहणी आणि सूचना यांची जी तजवीज होऊ लागली ती आज कितपत पुरते, हा लेख झाला. प्रस्ताव तीनशे शब्दांहून मोठा नसावा. त्यात नवे काय, आताच का, कोणाशी बोलणे झाले आहे आणि कोणती कागदपत्रे हाती आहेत हे यावे. ऋतुचक्राचा उपयोग करावा: १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीची बंदी, त्यानंतरची नारळी पौर्णिमा, पावसाळ्यात वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागणाऱ्या निळ्या ब्लूबॉटल, भाद्रपदातील पाकट, हिवाळ्यातील पक्षी या सर्वांच्या तारखा अगोदर ठाऊक असतात, म्हणून लेख त्यांच्या महिनाभर आधी संपादकाच्या टेबलावर पोहोचला पाहिजे. दिवाळी अंकांसाठी तर त्याहून खूप आधी हालचाल करावी लागते. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक मुंबईत काढला तेव्हापासून, सहा-सात हजार शब्दांचा निसर्गलेख सावकाश मांडण्यास एवढी ऐसपैस जागा मराठीत अन्यत्र राहिलेली नाही, परंतु अंकांची आखणी वैशाख-ज्येष्ठातच होऊ लागते, तेव्हा त्या सुमारास पत्र गेले पाहिजे. नकार आला तर आठवडाभरात तोच प्रस्ताव दुसऱ्या संपादकाच्या प्रकृतीनुसार पालटून पाठवावा.

लेख प्रसिद्ध झाल्यावर त्याच्या प्रती ज्यांनी माहिती दिली त्या सर्वांना स्वतः नेऊन द्याव्यात: प्रयोगशाळेतील संशोधकाला, कचेरीतील लिपिकाला, धक्क्यावरील मावशींना आणि कोळीवाड्यातील तांडेलकाकांना. वाचता येत नसेल त्यांना तो वाचून दाखवावा. कोणी आक्षेप घेतला तर तो वहीत जसाच्या तसा उतरवून, तपासून, खरा निघाल्यास संपादकाकडे दुरुस्ती पाठवावी. आणि कोणी ‘हे ठीक, पण अमुक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही’ असे म्हटले, तर पुढल्या उधाणाची तिथी पाहून त्यांच्याबरोबर तेथे जाण्याची वेळ तिथल्या तिथे ठरवून घ्यावी.